एका शटरची दोन कुलपं

परभणीत सामान ठेवायला भाड्यानं खोल्या मिळणार आणि तिथं मला काम लागलंय, असं मी सांगितलं तेव्हा माझी बहीण पोट धरून हसली. "सामानाला खोली? हितं माणसाला मिळंना झालीय," म्हणाली. पुढं तिच्याच सुनेचा पलंग, कपाट आणि शिलाई मशीन आमच्या एका खोलीत येऊन पडलं. कुलूप बहिणीला मीच निवडून दिलं, आणि देताना जरा जास्तच हसले.

धंदा साधा आहे. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगची लांबच लांब शेड, तिच्यात पत्र्याच्या भिंती घालून ओळीनं पाडलेल्या खोल्या, प्रत्येक खोलीला गुंडाळतं शटर. बदली झालेला साहेब आपला संसार ठेवून जातो, विद्यापीठातली पोरं सुट्टीत गाद्या आणि सायकली टाकून गावी जातात, मंडपवाले पडदे ठेवतात, बियाणंवाले पोती ठेवतात. लोक त्याला सामानघर म्हणतात. खोली आमची, कुलूप गिऱ्हाइकाचं आणि चावी फक्त त्याच्याकडं, हा तिथला नियम. म्हणजे आमची सगळी अब्रू लोकांच्या कुलपांवर. म्हणून मालक शेठजींनी फाटकापाशी एक टेबल मांडलं, कुलपांचं एक कपाट ठेवलं आणि मला बसवलं. कुणी खोली घेतली की त्याला त्याच्याजोगं कुलूप काढून द्यायचं. यंदा गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून मी घरी बसले, नाहीतर अजून तिथंच असते.

बाई माणूस आणि कुलपं, असं पुष्कळांना वाटायचं. माझे वडील बाजारात कुलपं दुरुस्त करत. बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा मी त्यांच्या चटईवर बसून कुलपाच्या पोटातल्या पिना आणि स्प्रिंगा वेगळ्या करायचे. ज्यांनी कधी कुलूप खोलून पाहिलं नाही त्यांना सांगते. आत बारीक बारीक पिना असतात, प्रत्येकीची उंची निराळी. चावीचे दात त्या पिना हव्या तेवढ्याच उचलतात, आणि सगळ्या एका रेषेत आल्या की मगच चावी फिरते. हे सगळं बोटाएवढ्या जागेत, अंधारात, दिवसातून कितीदा तरी चालतं आणि आपण त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. चावी पहिल्यांदा फिरते ना, ते बोटांना कळतं. इतकी वर्षं झाली, मला अजूनही त्याचा आनंद होतो. नवऱ्याला हे सांगितलं की तो म्हणतो, तुला सोनं दाखवलं तरी एवढी खुलत नाहीस.

आमच्याकडं कुलूप घ्यायची एक ठरलेली रीत आहे. तळहातावर घेऊन तोलायचं, टरबूज घेतात तसं. जड लागलं की पक्कं. मी किती जणांना सांगितलं की वजन आपल्याला तोलायचंय, चोराला नाही. चोर बघतो ती वरची वाकडी सळई. ती जेवढी उघडी तेवढा कटरचा जबडा तिच्यात शिरायला जागा. म्हणून सळई जाड, पाणी दिलेल्या पोलादाची आणि आखूड पाहिजे. आणि त्याहून आधी कोयंडा बघायचा. नाहीतर होतं काय, कुलूप तिजोरीचं आणि कोयंडा खुराड्याचा. स्क्रू काढले की कुलूप जसंच्या तसं बंद, आणि कोयंड्यासकट चोराच्या हातात.

एकदा एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी स्वतःचं पितळी कुलूप आणलं होतं, चांगलं वजनदार. "बाई, हे आमच्या घरचं हाय. तुमच्या कपाटातलं मला नको," म्हणाले. शेजारच्या खोलीवाला बियाण्याचा दुकानदार तिथंच उभा होता. त्याचं कुलूपही तसंच पितळी. मला राहवेना. दोघांची परवानगी घेतली, दुकानदाराची चावी मास्तरांच्या कुलपाला लावली आणि फिरवली. उघडलं. स्वस्त कुलपांत चाव्यांचे नमुने मोजकेच असतात, आणि आपण सगळे एकाच बाजारातून घेणार. दुकानदार तर खूशच झाला, म्हणाला, "गुरुजी, मग आता मी तुमच्या खोलीतली खुर्ची नेऊ का?" मास्तरांनी गुपचूप माझ्या कपाटातलं कुलूप घेऊन शटरला लावलं. नंतर गेटपर्यंत जाऊन परत आले आणि ते ओढून बघितलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. आमच्या गावात कुलूप लावल्यावर त्याला लोंबकळल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. त्यानं कुलपाचं काही बिघडत नाही, पण कोयंडा ढिला होतो. मास्तरांना मात्र मी ओढू दिलं, कारण त्यांच्या खोलीत त्यांच्या गेलेल्या पत्नीचा हार्मोनियम होता.

झरीचा एक शेतकरी होता. त्याला घरच्यांपासून सोयाबीनचं बियाणं वाचवायचं होतं. भावजय म्हणे येईल त्याला पसापसा वाटते. त्याला आकड्यांचं कुलूप पाहिजे होतं, चावीच नको, म्हणजे कुणी मागायला नको. "कोनाच्या बापाला सुचनार न्हाई असा आकडा लावा," म्हणाला. मी त्याला कुलूप कसं लावायचं ते दाखवलं आणि सांगितलं, आकडा मनात धर, मी पाठ फिरवते. मी पाठ फिरवली. त्यानं एकेक आकडा खणखणीत आवाजात म्हणत लावला. मागं चौघंजण उभे होते, सगळ्यांना पाठ झाला. मी वळून त्याच्याकडं बघितलं तर तो म्हणाला, "लय अवघड आकडा हाय ना?"

पण मी लिहायला बसले ते चुडाव्याच्या दोन जावांसाठी.

थोरली गंगूबाई, तिला सगळे अक्का म्हणत, आणि धाकटी सुनीता. दोघींनी मिळून लग्नाची भांडी भाड्यानं देण्याचा धंदा उभा केला होता. मोठाली पातेली, कढया, पराती, झारे, ताटांच्या चळती. मग त्यांच्या नवऱ्यांत, म्हणजे भावाभावांत वाटणी झाली. घर वाटलं, रान वाटलं, म्हशी वाटल्या. भांडी वाटता येईनात, कारण अर्ध्या भांड्यांत अर्धं लग्न होत नाही. धंदा एकत्र राहिला आणि बोलणं तुटलं. आता भांडी ठेवायची कुठं? अक्काच्या घरी ठेवायला सुनीता तयार नाही, सुनीताच्या घरी ठेवायला अक्का नाही. गिऱ्हाइकं बरीचशी परभणीच्या मंगल कार्यालयांतली, म्हणून दोघी सामानघरात आल्या.

"बाई, असं कुलूप द्या की हिला एकटीला उघडता येऊ न्हाई," अक्का म्हणाली.

"आनि ह्यांनाबी," सुनीता म्हणाली.

असलं गिऱ्हाईक आलं की मला चेवच यायचा. शटरला खाली डावीकडं एक आणि उजवीकडं एक असे दोन कोयंडे असतात. लोक एका बाजूला कुलूप घालतात आणि मोकळे होतात. मी दोन्ही बाजू वापरल्या. डावीकडं अक्काचं, उजवीकडं सुनीताचं. एक चावी अक्काच्या कमरेला, एक सुनीताच्या पर्समध्ये. दोन्ही कुलपं निघाल्याशिवाय शटर इंचभरही वर जाणार नाही. दोन्ही अगदी एका ताकदीची दिली, नाहीतर त्यावरून तिसरं भांडण.

तेव्हापासून खोली उघडायची म्हणजे दोघींनी यायचं. चुडाव्याहून एकाच गाडीनं यायच्या आणि परभणीच्या स्टेशनवर दोन रिक्षा करायच्या. भांडी मोजताना एकमेकींशी बोलायच्या नाहीत, माझ्यामार्फत बोलायच्या. "तिला सांगा, एक झारा कमी हाय." "त्यांना सांगा, आचाऱ्याकडं ऱ्हायलाय, उद्या देनार हाय." मी मध्ये उभी राहून दोन हात अंतरावरचा निरोप पोचवायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. एवढी चांगली कुलपं मी दिली होती, पण त्यांच्यातलं एकही चोरासाठी नव्हतं.

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. सुनीताच्या भावाच्या मुलीचं लग्न परभणीत होतं. भाचीच्या लग्नाला भांडी माझी, असा शब्द सुनीतानं माहेरी देऊन ठेवला होता. दुपारी पंगत, म्हणजे सकाळीच भांडी कार्यालयात पोचायला हवीत. टेम्पो शटरपाशी उभा, आचाऱ्याचा फोनवर फोन. सुनीतानं तिच्या कुलपावर धूळ बसू नये म्हणून बांधलेली प्लास्टिकची पिशवी सोडली, चावी फिरवली, कुलूप निघालं. अक्कानं कमरेची चावी काढली, खाली बसली आणि लावली. चावी अर्धी आत गेली आणि थांबली.

अक्कानं जोर लावला. पुन्हा काढून लावली. चावी पुढं जाईना.

"काय करायलाव?" सुनीतानं विचारलं. किती तरी महिन्यांनी ती अक्काशी थेट बोलली होती, आणि ते असं.

"जाईना झालीय आत."

"इतके दिस बरी जायची? आज माझ्या म्हायेरचं लगीन हाय म्हनूनच जाईना झालीय का?"

"सुनीता, मी कामून असं करीन?"

"दुसरीच चावी आनली असंल तुमी. माझं नाक कापायचं हाय ना सगळ्या पावन्यांत? कापा."

अक्काचा चेहरा उतरला. ती चावी पुन्हा पुन्हा लावत राहिली. तेवढ्यात टेम्पोवाल्यानं गाडीतली तेलाची कुपी आणून कुलपात तेल ओतलं. काही झालं नाही. मग म्हणाला, "मावशी, पलीकडं वेल्डिंगवाला हाय. ग्राइंडर लावतो, दहा मिनिटांत कापून देतो." सुनीता म्हणाली, "बलवा त्याला."

मी गुडघे धरत धरत आले आणि "थांबा" म्हणाले. सगळे थांबले. मला एक गोष्ट लख्ख दिसत होती. कुलूप कापलं तर भांडी निघतील, लग्न पार पडेल. पण अक्काची चावी खरी होती की खोटी, हे मग कुणालाच कळणार नाही. सुनीता जन्मभर म्हणत राहील की थोरलीनं माझ्या माहेरच्या लग्नात दावा साधला, आणि अक्काला ते खोटं पाडता येणार नाही. मला ते कुलूप उघडायचं होतं, आणि तेही अक्काच्याच चावीनं.

आधी चावी हातात घेऊन बघितली. कुलपं मी दिलेली, चाव्यांचे दात मला ओळखू येतात. चावी तीच होती. पण माझ्या सांगण्यावर सुनीता विश्वास ठेवायला तयार नव्हती. "तुमी त्यांचीच बाजू घ्यायला लागलाव, मावशी," म्हणाली. मग मी कुलूप उलटं करून भोकाकडं बघितलं. तेल लागलेल्या, घाबरलेल्या मुंग्या आतून बाहेर पळत होत्या. बोट लावलं तर तेलाखाली चिकट लागलं. चाखून बघितलं आणि मला एकदम सगळं उमगलं. त्या उन्हात माझ्या अंगावर शहारा आला, इतका आनंद झाला.

"अक्का, हितं नारळ फोडला होतात का?"

"फोडला की. लग्नसराई लागायच्या आधी, नारळासाठी म्हनून दोघी आलो होतो ना. उंबऱ्यावर फोडला."

"आणि पाणी?"

"पानी कुलपांवर घातलं. धंद्याचे रखवालदार हायत, त्यांनाबी परसाद पायजे. हिच्या कुलपावर पिशवी होती म्हनून वरून घातलं, माझ्या कुलपात चांगलं भरून घातलं."

तेव्हापासून खोली उघडलीच नव्हती, त्या सराईतलं हे पहिलंच लग्न. नारळाचं गोड पाणी पिनांत शिरलं, परभणीच्या उन्हानं आटलं आणि त्याचा पाक होऊन बसला. मग मुंग्या आल्या. सगळ्या पिना जागच्या जागी चिकटल्या. असा अपघात आपल्याच मुलखात होणार, दुसरीकडं कुलपाला प्रसाद कोण देतो?

गोडावर तेल चालत नाही. गोड पाण्यातच विरघळतं, तेही कढत. कुलपात पाणी घालू नका, असं मी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगत आले, आणि त्या दिवशी समोरच्या चहाच्या टपरीवर मीच ओरडले, "नुसतं पाणी उकळून दे, साखर-पत्ती न घालता." टपरीवाला म्हणाला, "बाई, बिनसाखरेचं आजवर कोनी मागितलं न्हाई." पण किटली भरून दिली.

आचाऱ्याचा पुन्हा फोन आला. सुनीतानं उचलला, "निघालोच," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तिकडं चुली पेटलेल्या आणि ठेवायला पातेलं नाही. टेम्पोवाला वेल्डिंगवाल्याला घेऊनच आला. तो ग्राइंडर घेऊन माझ्या डोक्यावर उभा राहिला आणि अक्का कोयंड्यात लटकलेलं कुलूप पदरात धरून बसली, भोक वर करून. मी किटलीच्या तोटीतून बारीक धार धरली. पदरातून वाफ यायला लागली. "अक्का, भाजतंय का?" विचारलं तर म्हणाली, "घाला तुमी." आधी काळं तेल वर आलं, मग मेलेल्या मुंग्या, मग तांबूस पाणी. चावी लावली. अर्ध्याच्या थोडी पुढं गेली. भोक खाली करून कुलपावर लाकडाच्या फळीनं ठोकलं, पुन्हा धार धरली. दुसरी किटली आली. आता चावी जाणार हे बोटांना कळायला लागलं होतं. पिना एकेक सुटत होत्या आणि प्रत्येकीचं सुटणं मला जाणवत होतं.

चावी पूर्ण आत गेली. मी फिरवली नाही. हात काढून घेतला आणि म्हणाले, "सुनीता, तू फिरव."

"मी?"

"तूच."

ती खाली बसली. अक्काची चावी चिमटीत धरून तिनं फिरवली. कुलूप पाणी टाकत उघडलं.

वेल्डिंगवाला आपला ग्राइंडर घेऊन निघून गेला. सुनीता ती चावी हातात घेऊन बसूनच राहिली होती. मग तिनं अक्काचा भाजलेला हात ओढून घेतला आणि त्याच्यावर फुंकर घालायला लागली. अक्का म्हणाली, "अगं भांडी भर की आधी. आचारी बसलाय तिकडं."

सगळ्यांनी मिळून पातेली टेम्पोत चढवली. मीही कढईचा एक कान धरला, गुडघे गेले खड्ड्यात. टेम्पो भरला, सुनीता पुढं बसली आणि अक्काला म्हणाली, "चला, बसा."

"मी कशाला? मला पत्रिका न्हाई."

"पत्रिका मी तोंडानं द्यायलेय ना. बसा म्हनते तर."

"अशी भिजलेल्या लुगड्यानं?"

"माझं एक हाय पिशवीत. बसा अक्का, उशीर व्हायलाय."

अक्का बसली. टेम्पो गेला, आणि मी टपरीवर जाऊन दुप्पट साखरेचा चहा घेतला. तिथं बसलेल्या सगळ्यांना मी ती गोष्ट दोनदा सांगितली. टपरीवाला दुसऱ्या वेळेला कंटाळला, पण मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी घासून परत आली. मी धुतलेलं कुलूप उन्हात वाळवून, आत पेन्सिलीच्या शिशाची पूड घालून तयार ठेवलं होतं. भांडी रचून झाली, शटर खाली आलं. सुनीता उजवीकडं आपलं कुलूप लावायला वळली, तर अक्का म्हणाली, "आन ते इकडं." तिनं पिशवीतून म्हशीच्या साखळीचे दोन तुकडे काढले. एक तुकडा डाव्या कोयंड्यातून, एक शेजारच्या चौकटीच्या कडीतून ओवला. तुकड्यांची दोन टोकं स्वतःच्या कुलपानं जोडली. मोकळी राहिलेली दुसरी दोन टोकं सुनीताच्या कुलपानं जोडली. उजवा कोयंडा रिकामाच सोडला.

"आमच्या हिरीवरची मोटारीची पेटी अजून दोघा भावांची हाय," ती मला म्हणाली. "तिला अशीच साखळी हाय. ज्याची पाळी त्यानं आपलं कुलूप काढायचं. दुसऱ्याच्या मागं पळायला नको."

म्हणजे आता दोघींपैकी कुणाचंही एक कुलूप निघालं की साखळी सुटणार. कुलपं तीच, चाव्या त्याच. दोघींशिवाय न उघडणारी खोली आता कुणाही एकीला उघडणार होती. धंद्याच्या हिशेबानं ही फार कच्ची रचना. मी तसं बोललेही. "अक्का, चोराला आता एकच कुलूप तोडावं लागंल."

"चोर यायचा तवा यील, बाई. पन हिला भांडी लागली आनि मी आजारी पडले तर? हिनं कुनाच्या तोंडाकडं बघावं?"

मी साखळी ओढून बघण्याचं निमित्त करून खाली बसले.

पुढच्या लग्नाला सुनीता एकटीच आली. अक्काला ताप होता. टेम्पो उभा होता, आचारी घाई करत होता. ती शटरपाशी उकिडवी बसली, पर्समधून चावी काढली आणि कुलपाला लावायच्या आधी फोन लावला. "अक्का, उघडू का?" म्हणाली, आणि पलीकडून हो येईपर्यंत चावी हातात धरून तशीच बसून राहिली.